अन्यथासिद्ध

बेळगावच्या कॉलेजात, जिन्याखालच्या वर्गात,
गलगलीसरांनी फळ्यावर एक मडकं काढलं
आणि शेजारी त्याची कारणं लिहिली:
माती, दोन कपालांची जोड,
कुंभार, दांडा, चाक.
(बाबा अख्खं मडकं एकाच गोळ्यातून काढतात.
मी हात वर केला नाही.)
कुंभाराचा बाप लिहून खोडला.
मग खडू थांबवून विचारलं,
आणि माती वाहून आणणारं गाढव?
वर्ग हसला.
हसायला म्हणूनच ते तिथं उभं होतं
शेकडो वर्षं.

गाढव कारण नव्हे. गाढव अन्यथासिद्ध.
त्याच्यावाचून अडत नाही.
माती कशीही आली असती,
डोक्यावरून, बैलगाडीतून, पुराच्या पाण्याबरोबर.

मी लिहून घेतलं. अक्षर चांगलं आलं.
फीची पावती त्याच वहीत होती.

खानापूरला आमच्या दारात तेव्हा तांबू होती,
उजवा कान फाटलेली.
मलप्रभेच्या काठावरून दिवसाला आठ खेपा.
पाठीवर जिथं गोणी घासायची
तिथं केस उगवत नसत.
सुट्टीत मी बाबांना म्हटलं,
शास्त्रात तुम्ही आहात, चाक आहे, दांडासुद्धा आहे.
हिचं नाव नाही.
बाबा माती तुडवत होते. पाय थांबले नाहीत.
"तिला सांगू नको गे," म्हणाले,
"उद्या दोन खेपा जादा हायत."

तांबूची आई एकदा दावं तोडून गेली होती.
का, ते कुणालाच ठाऊक नाही.
गोमाशी चावली असेल. मिरजेच्या गाडीची शिट्टी असेल.
किंवा काहीच नसेल, दावं जुनं होतं.
बाबा तीन दिवस हिंडले.
पारिश्वाडच्या पुढं, भुईमुगाच्या रानात,
एका मुलीनं तिला बाभळीला बांधून ठेवलं होतं.
आई बाबांशी बोलली ते पहिलं वाक्य:
इदु निम्म कत्तेना?
हौदु, बाबा म्हणाले. तेवढं कन्नड त्यांना येत होतं.
खाल्लेल्या शेंगांचे पैसे नव्हते,
म्हणून चार मडकी द्यायचं ठरलं.
ती त्यांनी चार वेळा जाऊन दिली,
एका वेळी एक.

आता हे कुठल्या रकान्यात लिहू, सर?

मडकं गाढवावाचून झालं असतं, कबूल.
कुठलंही मडकं, कुठल्याही मातीचं.
पण कुठलंही मडकं मी कधी पाहिलं नाही.
त्यात पाणी गार होत नाही.
आमच्या चुलीशेजारी आहे ते हे,
गळ्याशी बाबांचा अंगठा उमटलेलं,
आणि ह्याची माती तांबूच्याच पाठीवरून आली,
दुसरीकडून आलीच नाही.

बाबांचं लग्न कुणाशीतरी झालंच असतं.
मुलगी झाली असती.
कदाचित तर्कशास्त्रच शिकली असती,
माझ्यापेक्षा हुशार.
तिचा राग नाही मला. पण ती
माझी पावती घेऊन बसलेली नाही.

सर म्हणाले, असं मोजत गेलीस
तर दावं वळणारा येईल, अंबाडी पेरणारा येईल, गोमाशी येईल,
एका मडक्यात सगळं जग कोंबावं लागेल.
कुठंतरी रेघ मारावीच लागते.

ते खरं आहे.
रेघ मारलेल्या भागातच राहतो आम्ही.
रेघ कुणीतरी टेबलावर मारतं,
आणि गाढव शेंगा बघून चालतं.

परीक्षेला आलंच: अन्यथासिद्ध म्हणजे काय?
उदाहरण द्या. मार्क पाच.
अडला हरी. मी तांबूचेच पाय धरले.
पाचपैकी पाच मिळाले.
तिच्यावाचून ते शास्त्रालाही सांगता आलं नसतं,
हे उत्तरात लिहायचं राहिलं.

घरी गेले तेव्हा ती उकिरड्यापाशी उभी होती,
कशासाठीही नाही, नुसती.
मी केस नसलेल्या जागी खाजवलं.
तिनं मान थोडी खाली घातली.